उंचीच्या भीतीवर व्हीआर अनुभव बनवायचाय, सुरुवात कुठून करू?

मला विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे: गेम डेव्हलपमेंटचा चारेक वर्षांचा अनुभव आहे, युनिटी हे गेम बनवायचं सॉफ्टवेअर चांगलं येतं, हाताशी एक हेडसेट आहे. जवळच्या माणसाची उंचीची भीती रोज पाहतोय, म्हणून भीतीवर मात करायला मदत करेल असा व्हीआर (आभासी वास्तवाचा) अनुभव बनवावासा वाटतो. ग्राफिक्स किती खरे हवेत? सुरुवात कोणत्या भीतीपासून करावी? आणि याचा खरंच उपयोग होतो का, की नुसता खेळ होऊन बसतो?

मी बरीच वर्षं थेरपिस्ट मंडळींच्या शेजारी बसून असे अनुभव बनवतोय. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण ते ठामपणे देता येतं. उपयोग होतो. १९९५ साली बार्बरा रॉथबॉम, लॅरी हॉजेस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उंचीच्या भीतीवरचा व्हीआर प्रयोग प्रसिद्ध केला. त्यात काचेची लिफ्ट होती, पूल होते, बाल्कन्या होत्या. चित्रं इतकी ओबडधोबड की आजचा फोनवरचा साधा खेळही त्याहून देखणा वाटावा. तरीही लोकांच्या पोटात गोळा आला, आणि पुढच्या सत्रांमध्ये तो कमीही झाला. २००२ मध्ये नेदरलँड्समध्ये पॉल एमेलकांप यांच्या गटाने काही जणांना खऱ्या उंच जागी नेलं आणि काहींना त्याच जागांच्या व्हीआर प्रतिकृतींमध्ये. दोन्हीकडे सुधारणा सारखीच दिसली. २०१८ मध्ये ऑक्सफर्डच्या डॅनियल फ्रीमन यांच्या गटाने तर थेरपिस्टलाच हेडसेटच्या आत बसवलं. उंचीची भीती असलेल्या १०० जणांपैकी ४९ जणांना दहा मजली आभासी इमारतीत एका आभासी मार्गदर्शकाबरोबर पाठवलं. साधारण अर्ध्या तासाची मोजकीच सत्रं झाली आणि भीतीचा गुणांक सरासरी ६८ टक्क्यांनी उतरला. उरलेल्या ५१ जणांना वेगळा कुठलाच उपचार दिला नव्हता, हे मात्र हा आकडा वाचताना लक्षात ठेवा. तुलना चांगल्या थेरपिस्टशी केलेली नव्हती.

तेव्हा रस्ता आहे आणि तो चालून पाहिलेला आहे. पण गेम बनवणारा माणूस या रस्त्यावर नेमका कुठे चुकतो ते मला सांगायचंय, कारण मीही तिथेच चुकलो होतो.

गेमची सवय असलेला माणूस 'दृश्य' बनवायला बसतो. दरी खोल करतो, वारा सोडतो, फळी करकरवतो. पाहणाऱ्याच्या काळजाचा ठोका चुकला की काम जमलं असं त्याला वाटतं. भयगंड असलेल्या माणसाला घाबरवायला तुमच्या कौशल्याची गरजच नाही. तो आयुष्यभर स्वतःच स्वतःला घाबरवत आलेला असतो. त्याला हवी असते ती अशी जागा, जिथे त्याने मनाशी बांधलेला एक अंदाज तपासून पाहता येईल.

हा अंदाज नीट समजून घ्या, सगळी रचना त्याच्यावर उभी राहते. उंचीला घाबरणाऱ्याला विचारा, "कठड्याजवळ गेलात तर काय होईल?" उत्तर सहसा 'भीती वाटेल' एवढंच नसतं. कुणी म्हणतं, पाय आपोआप ओढले जातील. कुणी म्हणतं, चक्कर येऊन तोल जाईल. कुणाला वाटतं की आपणच उडी मारू. कुणाला कठडा तुटेल याची खात्री असते. भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात तो हाच. मागे वळून त्याच्याकडे कधी पाहिलेलंच नसतं, म्हणून तो पाठ सोडत नाही. जोसेफ वोल्पे यांनी १९५८ मध्ये पद्धतशीर रीतीने, पायरीपायरीने भीती कमी करण्याचं तंत्र मांडलं. तेव्हा भर होता तो शरीर शिथिल ठेवून हळूहळू सवय लावण्यावर. अलीकडे मिशेल क्रास्के यांच्यासारखे संशोधक म्हणतात की जुनी भीती पुसली जात नाही, तिच्याशेजारी एक नवी शिकवण उभी राहते: 'मी तिथे उभा राहिलो आणि ते घडलं नाही.' अपेक्षा आणि अनुभव यांच्यातली तफावत जितकी ठसठशीत, तितकी ही शिकवण पक्की.

याचा तुमच्या कोडवर थेट परिणाम होतो. प्रत्येक पायरीआधी ॲपने विचारलं पाहिजे: काय होईल असं वाटतं, आणि त्याची किती खात्री आहे? पायरीनंतर पुन्हा: काय झालं? हे दोन पडदे दिसायला कंटाळवाणे असतात आणि मुदत जवळ आली की सगळ्यात आधी तेच कापले जातात. कापू नका. दरी कापली तरी चालेल.

दुसरा परिणाम जरा अनपेक्षित आहे. बहुतेक जण नियम लिहितात की शून्य ते शंभरमधला भीतीचा आकडा वीसच्या खाली आला की पुढचा मजला उघडायचा. ऐकायला शहाणपणाचं वाटतं, पण त्यातून माणूस शिकतो की भीती गेल्याशिवाय पुढे जायचं नसतं. खऱ्या आयुष्यात भीती पूर्ण जाण्याची वाट पाहत बसलं तर पूल ओलांडलाच जाणार नाही. भीती साठावर असतानाही तो कठड्याजवळ दोन मिनिटं उभा राहिला आणि पाय ओढले गेले नाहीत, तर ती पायरी पार झाली. पुढे जाण्याची अट अंदाज तपासला गेला की नाही यावर ठेवा.

आता आमची चूक सांगतो. आमच्या पहिल्या आवृत्तीची चाचणी चालली होती. एक बाई, वय पन्नाशीच्या आसपास, चौथ्या मजल्याच्या आभासी बाल्कनीत उभ्या होत्या. सुरुवातीला त्यांनी आकडा सांगितला सत्तर. सहा-सात मिनिटांत चाळीस, मग पंचवीस. आम्ही सगळे खूश. पुढच्या आठवड्यात त्या म्हणाल्या, खऱ्या बाल्कनीत पाऊल टाकलं आणि पहिल्यासारखेच हातपाय गळाले. रात्री मी त्यांच्या सत्राची नोंद उघडली. हेडसेट डोक्याची दिशा सतत टिपत असतो, तो आलेख पाहिला. अकरा मिनिटांत त्यांची मान एकदाही खाली झुकली नव्हती. समोरच्या इमारतीतल्या एका खिडकीवर नजर खिळवून त्यांनी सगळा वेळ काढला होता. एक हात कंट्रोलर सोडून आमच्या टेबलाची कड घट्ट धरून होता, हे नंतर व्हिडिओत दिसलं. त्या चौथ्या मजल्यावर गेल्याच नव्हत्या म्हणा ना. आणि खोटं तर त्या अजिबात बोलत नव्हत्या. खिडकीकडे पाहत राहिलं की भीती खरोखरच कमी होते.

थेरपिस्ट याला 'सुरक्षा वर्तन' म्हणतात. डोळे मिटणं, दूर क्षितिजाकडे पाहणं, पाठ भिंतीला टेकवणं, श्वास रोखणं, मनात आकडे मोजणं, हे सगळं त्यात येतं. समोर बसलेल्या थेरपिस्टला ते दिसतं. हेडसेट घातलेल्या माणसाचा चेहरा झाकलेला असल्यामुळे तेच सुटून जातं. पण यंत्राला इथे एक गोष्ट जमते जी माणसाला जमत नाही: नजर कुठे होती, किती वेळ होती, माणूस कडेपासून किती अंतरावर उभा होता, हे सगळं नोंदवता येतं. आम्ही त्यानंतर बाल्कनीत कामं ठेवली. खाली चौकात पिवळी छत्री घेतलेला माणूस शोधा. कठड्याबाहेर टांगलेल्या कुंडीला पाणी घाला. खालून जाणाऱ्या सायकली मोजा. कामासाठी खाली पाहावंच लागतं, आणि 'खाली बघा' असा हुकूम करावा लागत नाही. ऑक्सफर्डच्या प्रयोगातही माणसांना झाडावर अडकलेलं मांजर सोडवण्यासारखी कामं दिली होती. कारण हेच असावं असं मला वाटतं.

आता ग्राफिक्स. मेल स्लेटर यांनी २००९ मध्ये मांडलेला फरक मला रोज उपयोगी पडतो. व्हीआरमध्ये दोन भास लागतात: 'मी इथे आहे' हा एक, आणि 'इथे जे घडतंय ते खरोखर घडतंय' हा दुसरा. पहिला भास टेक्स्चरच्या, म्हणजे वस्तूंच्या पृष्ठभागावरच्या चित्राच्या, बारकाव्यावर फारसा अवलंबून नसतो. मान वळली की चित्र लगेच आणि बिनचूक वळणं, यावर तो टिकतो. डोक्याची हालचाल आणि डोळ्यांपर्यंत पोचणारं चित्र यांत वीस मिलिसेकंदांहून जास्त उशीर नसावा, असा या कामातला रूढ दंडक आहे. ९० हर्ट्झवर, म्हणजे सेकंदाला ९० चित्रं असताना, एका फ्रेमला (चित्राला) ११.१ मिलिसेकंद मिळतात आणि ७२ हर्ट्झवर १३.९, तेवढ्यात दोन्ही डोळ्यांची चित्रं काढायची असतात. तेव्हा प्रकाश आधीच बेक करून (मोजून चित्रात पक्का करून) ठेवा, रिअल टाइम सावल्या कमीत कमी ठेवा, आणि देखणेपणासाठी फ्रेम गमावू नका.

यामागे सोयीपलीकडचं कारण आहे. फ्रेम गळल्या की मळमळ, घाम, गरगरणं सुरू होतं, आणि घाबरलेल्या शरीराची लक्षणंही नेमकी हीच असतात. माणसाला दोन्हींतला फरक कळत नाही. तुमच्या ढिसाळ कोडमुळे तो शिकतो की उंचीवर गेलं की खरंच चक्कर येते. म्हणजे त्याचा चुकीचा अंदाज तुम्ही खरा करून दाखवलात. म्हणून प्रत्येक सत्राआधी आणि नंतर मळमळीची छोटी प्रश्नावली भरून घ्या. केनेडी आणि सहकाऱ्यांची १९९३ मधली सिम्युलेटर सिकनेसची प्रश्नावली अजूनही सर्रास वापरली जाते.

याच कारणाने कंट्रोलरची स्टिक ढकलून चालवणं पूर्ण टाळा. डोळे सांगतात चाललोय, तोल सांभाळणारा आतला कान सांगतो उभा आहे, आणि पोट बिघडतं. खोलीत जागा असेल तेवढीच खरी पावलं चालू द्या. मजले बदलायला लिफ्ट वापरा, पण बंद दारांची. आम्ही आधी काचेची उघडी लिफ्ट केली होती. ती पाहायला सुंदर होती आणि निम्म्या लोकांना मळमळायचं. मग दारं बंद केली, वर लाल आकडा बदलत ठेवला, थांबताना हलकी घंटा. गंमत अशी की दार उघडण्याआधीच लोकांचे श्वास बदलतात. तीन, चार, पाच... मधल्या त्या काही सेकंदांत मन सगळं काम करून ठेवतं, आणि आपल्याला चित्र रचणारा एकही पॉलिगॉन खर्चावा लागत नाही.

उंची जाणवते कशाने, हेही ध्यानात घ्या. दोन डोळ्यांच्या चित्रांतल्या फरकावरून खोली कळणं हे जवळच्या अंतरावर प्रभावी असतं. पुढे ते झपाट्याने क्षीण होत जातं. पाचव्या मजल्यावरून खालची जमीन किती लांब आहे हे मेंदू ठरवतो तो ओळखीच्या वस्तूंच्या आकारावरून आणि वाकल्यावर कठडा व जमीन कशी वेगवेगळी सरकते यावरून. म्हणून खाली माणसं, गाड्या, झाडं हवीतच, आणि ती हलती हवीत. रिकामा करडा रस्ता कितीही खोल ठेवला तरी तो चित्रासारखा चपटा दिसतो. आवाजाचंही तेच: वर जाताना रहदारी बारीक होत गेली आणि वारा वाढत गेला की अर्धं काम झालं. हेडसेटच्या भिंगांमधलं अंतर प्रत्येकासाठी आठवणीने जुळवा. प्रौढांच्या बाहुल्यांमधलं अंतर सरासरी ६३ मिलिमीटरच्या आसपास असतं, पण माणसागणिक ते बरंच बदलतं, आणि जुळलं नाही तर डोळे ताणतात, जगाचा आकारही किंचित चुकल्यासारखा भासतो. आणि जमलं तर खऱ्या जमिनीवर इंचभर जाडीची लाकडी फळी ठेवा, तिची कड आभासी कठड्याच्या कडेशी अचूक जुळवा. पायाला ती कड लागली की भल्याभल्यांची पाचावर धारण बसते. अर्थात ती शेवटच्या पायऱ्यांसाठी, आणि शेजारी हात द्यायला माणूस उभा असतानाच.

सुरुवात कोणत्या भीतीपासून करावी? उंचीपासूनच करा. ती मुख्यतः डोळ्यांची आणि तोलाची भीती आहे, स्पर्श लागत नाही, आणि पायऱ्या आखणं सोपं. विमानप्रवासाची भीतीही चांगली जमते. माणूस खुर्चीत बसलेलाच असतो, आणि एका तासात चार वेळा टेकऑफ देणं प्रत्यक्षात कुणाला शक्य आहे? कोळ्याच्या भीतीत अडचण जवळच्या अंतराची. हेडसेटचं फोकस ठराविक अंतरावर बांधलेलं असतं, त्यामुळे तळहातावरचा कोळी डोळ्यांना ताण देतो. शिवाय स्पर्शाचा प्रश्न उरतो. वॉशिंग्टन विद्यापीठात हंटर हॉफमन यांच्या गटाने आभासी कोळ्याच्या जागी खराखुरा केसाळ खेळण्यातला कोळी हाताला लागेल अशी सोय केली होती, आणि त्याने परिणाम वाढला. बंद जागेच्या भीतीत हेडसेट स्वतःच एक बंद जागा असतो, हे विसरू नका. लोकांसमोर बोलण्याची भीती मी तुम्हाला पहिल्या प्रकल्पासाठी सुचवणार नाही. आभासी श्रोत्यांचे चेहरे पटण्याजोगे करणं फार अवघड काम आहे.

एका भीतीला मात्र थेरपिस्टशिवाय हातही लावू नका: रक्त, सुई आणि जखमेची भीती. इतर भयगंडांत हृदयाची गती आणि रक्तदाब वाढतो. इथे आधी वाढून मग एकदम कोसळतो आणि माणूस बेशुद्ध पडू शकतो. डोक्यावर हेडसेट, पायात काहीच आधार नाही, अशा अवस्थेत. स्वीडनमधले लार्स-योरान ओस्ट यांनी यावर वेगळं तंत्र बसवलं: हातपाय आणि धडाचे स्नायू दहा-पंधरा सेकंद आवळायचे, चेहऱ्यावर ऊब जाणवली की सोडायचे, पुन्हा आवळायचे, म्हणजे रक्तदाब टिकतो. शिथिल व्हायला सांगणारं नेहमीचं शांत संगीत इथे उलटंच पडतं.

ताबा कायम वापरणाऱ्याच्या हातात हवा. एका बटणावर सगळं थांबलं पाहिजे, आणि हे बटण कसं दाबायचं ते पहिल्याच मिनिटाला करून दाखवा. अचानक काहीही घडवू नका. कठडा कधीच तुटणार नाही, कोळी कधीच अंगावर उडी मारणार नाही, हे शब्द द्या आणि पाळा. एकदा विश्वास गेला की हेडसेट पुन्हा डोक्यावर चढत नाही. पण बटणाची दुसरी बाजूही आहे. घाबरल्या क्षणी बाहेर पडणं हीच तर भीतीची जुनी सवय. म्हणून आम्ही दोन वाटा ठेवल्या: एक खालच्या मजल्यावर जाण्याची, दुसरी पूर्ण बाहेर पडण्याची. पहिली वाट मोठी, जवळ आणि सोपी. दुसरी नेहमी उघडी, पण बाहेर आल्यावर ॲप विचारतं, घरी जाण्याआधी एकदा पहिल्या मजल्यावर जाऊन यायचं का? बहुतेक जण हो म्हणतात.

हृदयगती पाहून पायरी आपोआप बदलण्याचा मोह होईल. मी तो सोडून दिला. उत्साहानेही ठोके वाढतात, दोन पावलं चालल्यानेही. भीती शून्य ते शंभरमध्ये किती, हे माणसालाच विचारा. वोल्पे यांची ही साधी मोजपट्टी आजही कामाची आहे. मात्र दर अर्ध्या मिनिटाला विचारून अनुभव तोडू नका. नजरेची, हालचालीची, ठोक्यांची नोंद ही आरोग्याची खासगी माहिती आहे. ती शक्यतो यंत्रातच ठेवा, आणि बाहेर पाठवायचीच असेल तर स्पष्ट विचारून.

अपस्मार, गंभीर हृदयविकार, तोलाचे आजार, वास्तवाचं भान सुटण्याचा त्रास असलेल्यांना आधी डॉक्टरांकडे पाठवा. आणि 'भयगंड बरा करतो' असं कुठेही लिहू नका. उपचाराचा दावा केला की अनेक देशांत तुमचं सॉफ्टवेअर वैद्यकीय उपकरणांच्या नियमाखाली येतं, आणि ते योग्यच आहे.

पहिल्या आठवड्यात युनिटी उघडू नका. एका थेरपिस्टला गाठा. उंचीला घाबरणाऱ्या चार-पाच जणांशी त्यांच्या देखरेखीखाली बोला आणि प्रत्येकाची शिडी, म्हणजे सोप्यापासून अवघडापर्यंतच्या पायऱ्या, कागदावर काढा. लवकरच दिसेल की मजला हा एकच घटक नाही. पाचव्या मजल्यावरचा भिंतीचा कठडा कुणाला सोपा जातो आणि दुसऱ्या मजल्यावरचा काचेचा कठडा अवघड. मग एकच इमारत बनवा, एकच बाल्कनी, आणि चार गोष्टी बदलत्या ठेवा: मजला, कठड्याचा प्रकार, कडेपासूनचं अंतर, आणि करायचं काम. एवढ्यात शेकडो पायऱ्या निघतात. दिवस, रात्र, पाऊस नंतर घाला. विविधतेने शिकवण टिकायला मदत होते. चाचणी आपल्याच टीमवर करू नका. त्यांना भीती नसते, आणि त्यांनी ती बाल्कनी हजारदा पाहिलेली असते.

यश मोजायचं ते हेडसेटबाहेर. सुरू करण्याआधी माणसाला थेरपिस्टबरोबर खऱ्या जिन्याने वर जाऊ द्या आणि कुठे थांबला ते लिहून ठेवा. शेवटी पुन्हा तोच जिना. आमचं ॲप आता प्रत्येक सत्राच्या अखेरीस एकच प्रश्न विचारतं: या आठवड्यात कुठल्या खऱ्या जागी उभे राहाल? आणि पुढच्या वेळी उघडलं की लिफ्टआधी विचारतं, तिथे काय झालं? त्या खिडकीवाल्या बाई पुन्हा आल्या होत्या. छत्रीवाला माणूस शोधायला त्यांना नऊ मिनिटं लागली, आणि त्या नऊ मिनिटांत भीतीचा आकडा ऐंशीच्या खाली आलाच नाही. पुढच्या आठवड्यात त्या प्रश्नाखाली त्यांनी लिहिलं होतं: "बाल्कनीत कपडे वाळत घातले. खाली पाहिलं. पाय ओढले गेले नाहीत."